तात्पर्याची ओळ

मुंबई इलाख्याचा कारभार माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या हाती असताना, १८२२ साली, देशी मुलांकरिता शाळा उघडण्याची व त्यांस लागणारी पुस्तके सिद्ध करण्याची तजवीज झाली, आणि याच उद्योगातून १८२८ साली सदाशिव काशीनाथ उपाख्य बापू छत्रे यांची ‘इसपनीति’ व ‘बाळमित्र’ ही दोन पुस्तके निघाली. पहिल्याचे मूळ ग्रीक, दुसऱ्याचे आर्नो बेर्कँ या अठराव्या शतकातील फ्रेंच लेखकाचे. दोन्ही मराठीत आली ती मात्र इंग्रजीच्या वाटेने. बेर्कँच्या गोष्टींत नीतीचा व्यवहार रोखीचा असतो : आज्ञाधारक मुलाला त्याच दिवशी सुख लाभते आणि हट्टी मुलाला संध्याकाळच्या आत पश्चात्ताप होतो.

असा रोखीचा व्यवहार आपल्या जुन्या कथांना मंजूर नव्हता. अमरशक्ती राजाच्या तीन मंदबुद्धी पुत्रांना सहा महिन्यांत शहाणे करण्याचा विडा उचलणारा विष्णुशर्मा पंचतंत्राच्या पहिल्याच तंत्रात दमनक कोल्ह्याच्या चहाडीने सिंह व बैल यांची मैत्री कशी भंगली ते सांगतो. शेवटी निरपराध संजीवक बैल प्राणास मुकतो, आणि दमनकाचे प्रधानपद शाबूत राहते. ही कथा सदाचाराची नव्हे, सावधगिरीची आहे. परंतु जग असेही असते, हे मुलापासून लपवून न ठेवणारी ती प्रामाणिक कथा आहे, असे मी मानतो.

इसापाच्या गोष्टीखाली ‘तात्पर्य’ म्हणून जी ओळ छापलेली असे, ती आम्ही वर्गात खड्या आवाजात म्हणत असू, आणि त्यांपैकी एकही ओळ आज मला धड आठवत नाही. आठवतो तो द्राक्षांच्या घोसाकडे पाहत उभा असलेला कोल्हा, आणि पाण्यातल्या आपल्याच प्रतिबिंबावर भुंकून तोंडचा तुकडा गमावणारा कुत्रा. उपदेश मुलांना रुचत नाही, असा निष्कर्ष मात्र यावरून काढणे अन्यायाचे होईल. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये उपदेश पानोपानी आहे. न्हाऊन झालेल्या श्यामच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई आपले ओचे धोंड्यावर पसरते, आणि पायांना जसा जपतोस तसाच मनाला जप, असे त्याला सांगते. हेही तात्पर्यच, पण ते ज्या मुखातून येते, त्या माउलीने मुलाच्या हट्टापायी आपले वस्त्र आधी जमिनीवर अंथरलेले असते, आणि म्हणूनच तो उपदेश परका वाटत नाही.

घरोघरीच्या आईबापांना माझी एवढीच विनंती आहे की, ही जुनी पुस्तके बोजड म्हणून रद्दीत घालू नयेत. रात्री मुलाला जवळ घेऊन ती मोठ्याने वाचावीत, आणि तात्पर्याची ओळ आली की पुस्तक मिटून मुलाला काय वाटले ते आधी ऐकावे.