कंपाऊंड धनुष्यासाठी 'रिलीज' घेताय? महागडा नको, हाताला बसणारा घ्या

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी कंपाऊंड तिरंदाजीत जगज्जेते झाले. ओजसने तर फायनलला १५ च्या १५ बाण दहात घातले, १५० पैकी १५०! आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्येही कंपाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धा आली आहे. त्यामुळे आपल्या भागातली पोरंही घरी धनुष्यासाठी हट्ट धरू लागली तर नवल नाही. अडचण अशी, की धनुष्य निवडताना दहा जणांना विचारणारे पालक रिलीज मात्र दुकानदार हातात ठेवेल तो घेऊन येतात.

रिलीज म्हणजे दोरी ओढून धरणारं आणि सोडणारं हातातलं छोटं यंत्र. धनुष्याच्या दोरीवर मधोमध एक बारीक फास बांधलेला असतो, त्यात रिलीजचा आकडा अडकवायचा. बोटांनी दोरी सोडली की ती थोडी बाजूला सरकत सुटते आणि बाण वळवळतो. रिलीजमुळे ती जवळजवळ सरळ सुटते. कल्पना नवी नाही. मोगलांच्या काळात अंगठ्यात जेडची अंगठी घालून दोरी ओढत; शहाजहानची तशी अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. रिकर्व्हला मात्र रिलीज चालत नाही, हे आधी लक्षात घ्या. पोरगं नक्की कुठल्या प्रकारात उतरणार हे ठरल्याशिवाय पैसे घालू नका.

बाजारात मुख्यतः चार प्रकार मिळतात. मनगटाला पट्ट्याने बांधायचा आणि तर्जनीने खटका दाबायचा, हा सगळ्यात सोपा. अमेरिकेत धनुष्याने शिकार करणाऱ्यांचा हा आवडता. कारण उघड आहे: झाडावर मचाण बांधून बसलेल्या माणसाच्या हातून तो खाली पडत नाही, अंधारात शोधावा लागत नाही. इंटरनेटवरचे बरेचसे सल्ले या शिकाऱ्यांसाठीच लिहिलेले असतात, ते आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. धनुष्याला बंदुकीसारखा परवाना लागत नाही म्हणून शेतात येणाऱ्या डुकरावर बाण चालवू असं कुणाच्या डोक्यात असेल, तर ते तिथंच थांबवावं. वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय हत्यार कुठलंही असो, गुन्हा तो गुन्हाच.

दुसरा प्रकार मुठीत धरायचा, अंगठ्याने खटका दाबायचा. तिसऱ्याला हिंज म्हणतात. त्याला खटकाच नसतो. हात किंचित फिरला की आतली चंद्रकोर सरकते आणि दोरी सुटते. चौथा रेझिस्टन्सचा. त्यात अंगठ्याखालचं कुलूप पूर्ण ताणापर्यंत दाबून ठेवायचं, मग सोडायचं आणि पाठीने ओढ वाढवत न्यायची. ठरावीक ओढीला तो आपोआप सुटतो.

एवढे प्रकार कशासाठी? त्याचं कारण हातात नाही, डोक्यात आहे. पिवळ्या वर्तुळावर नेम आला रे आला की बोट खटक्यावर झडप घालतं. धनुष्य हलतं, बाण आठात जातो. पुढच्या वेळी मन आणखी घाई करतं. इंग्रजीत याला टार्गेट पॅनिक म्हणतात. चांगले चांगले खेळाडू यात अडकतात, काही जण खेळच सोडून देतात. यावरचा उपाय म्हणजे बाण कधी सुटणार हे स्वतःलाही नेमकं कळू नये. हिंज आणि रेझिस्टन्स त्यासाठीच आहेत.

पण म्हणून नवख्या पोराच्या हातात थेट हिंज देऊ नका. ओढता ओढता हात फिरला तर दोरी मध्येच सुटते आणि स्वतःचीच मूठ तोंडावर आदळते. ओठ फुटतो, दात हलतो. आधी आपल्या ओढीच्या लांबीची दोरी बांधून त्यावर काही दिवस सराव करावा. रिकामं धनुष्य ओढून सराव तर कधीच नको. बाण नसताना दोरी सुटली तर धनुष्याच्या पात्या तडकू शकतात.

माझं मत विचाराल तर सुरुवात अंगठ्याच्या खटक्याने करावी आणि खटका थोडा जड ठेवावा. हलका खटका चुकीची सवय लावतो. अंगठ्याच्या टोकाने टिचकी न मारता खटका अंगठ्याच्या मुळाशी घेऊन पाठीने ओढत राहायचं. वर्षभराने गरज वाटली तर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली हिंज किंवा रेझिस्टन्स घ्यावा.

रेझिस्टन्स घेणाऱ्यांनी एक हिशेब करावा. कंपाऊंड पूर्ण ओढलं की बराचसा भार चाकं उचलतात. ६० पौंडांच्या धनुष्यात ८० टक्के भार कमी होत असेल तर हातात उरतात १२ पौंड. रिलीज त्याच्या तीन-चार पौंड वर, म्हणजे १५-१६ वर लावायचा. फार जवळ लावला तर कुलूप सोडताच सुटेल, फार लांब लावला तर ओढून ओढून हात थरथरेल.

घेताना मुठीत धरून बघा. बोटांच्या मधल्या पेरात तो नीट बसला पाहिजे. मोठ्यांचा रिलीज बारीक हाताला घेतला तर मनगट वाकडं होतं. मनगटी पट्ट्यावरून मुठीतल्यावर जाताय तर ओढीची लांबी बदलते आणि हनुवटीशी हात टेकवायची जागाही, तेव्हा धनुष्य पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. जुना वापरलेला घेत असाल तर आतली कड झिजलीय का, हे जाणकाराला दाखवा. झिजलेला रिलीज कधी सुटेल याचा नेम नाही.

आणि बजेट बेताचं असेल तर एक भारी रिलीज घेण्यापेक्षा मध्यम किमतीचे एकाच मॉडेलचे दोन घ्या, दोन्ही सारखेच लावून ठेवा. स्पर्धेत ठरावीक वेळेतच बाण सोडायचे असतात. स्क्रू ढिला झाला तर दुरुस्त करत बसायला तिथं वेळ नसतो.