पंधरा लाथा आणि एक अंदाज

२००४ साली कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे ‘इव्हो’ ही फायटिंग गेमची स्पर्धा भरली होती. तिथला काही सेकंदांचा एक तुकडा आजही जगभर पाहिला जातो. खेळ होता कॅपकॉम कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर थ्री : थर्ड स्ट्राइक’. एका बाजूला जपानचा दायगो उमेहारा केन हे पात्र घेऊन खेळत होता, दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा जस्टिन वाँग चुन-ली घेऊन. केनच्या ताकदीची पट्टी जवळजवळ रिकामी झाली होती, डोळे ताणून पाहावे तेव्हा दिसेल एवढाच तिचा अंश उरला होता. वाँगने चुन-लीचा सर्वांत मोठा हल्ला सोडला : एकामागोमाग पंधरा लाथा. उमेहाराने त्या सगळ्या परतवल्या, उलट हल्ला केला आणि सामना जिंकला. सभागृहात जो जल्लोष झाला त्याचा आवाज त्या चित्रफितीत खेळाच्या आवाजालाही गिळून टाकतो. तेव्हापासून या प्रसंगाचे वर्णन ‘विजेच्या वेगाची बोटे’ असे केले जाते. माझ्या मते हे वर्णन उमेहारावर अन्याय करणारे आहे. त्या दिवशी त्याच्या बोटांपेक्षा त्याचा अंदाज मोठा ठरला, आणि हे खेळाच्या नियमांवरूनच दाखवता येते.

स्ट्रीट फायटरमध्ये बचाव करणे सोपे असते. प्रतिस्पर्ध्यापासून दूर, म्हणजे मागच्या दिशेने नियंत्रणाची दांडी (जॉयस्टिक) धरून ठेवली की पात्र हात आडवे धरून मार अडवते. याला ब्लॉक म्हणतात. ब्लॉक केला की साध्या ठोशा-लाथांनी काही होत नाही, पण विशेष चाली आणि ‘सुपर’ हल्ले ब्लॉक केले तरी थोडी ताकद खरवडून नेतात. उमेहाराकडे तेवढीही उरली नव्हती, म्हणजे त्याच्यासाठी ब्लॉक करणे आणि हरणे यांत फरक नव्हता. ‘थर्ड स्ट्राइक’मध्ये बचावाचा दुसरा मार्ग आहे, पॅरी. मार अंगावर येण्याच्या नेमक्या क्षणी दांडी मागे न धरता पुढे, हल्ल्याच्या दिशेने, एकदाच टिचकी मारल्यासारखी हलवायची. वेळ साधली तर मार निष्फळ होतो आणि ताकद अजिबात घटत नाही. चुकली तर मात्र तो पूर्ण बसतो, कारण पुढे दांडी नेताना ब्लॉक आपण स्वतःच सोडलेला असतो. आंधळेपणाने पुन्हापुन्हा टिचक्या मारूनही भागत नाही, एक टिचकी वाया गेली की काही काळ पुढची मोजलीच जात नाही. पॅरी ही या खेळातली सर्वांत धाडसी चाल आहे ती यामुळे. संरक्षण मिळवायचे तर आधी संरक्षण सोडावे लागते.

आता वेळेचा हिशेब पाहू. हा खेळ सेकंदाला ६० चित्रांच्या गतीने चालतो. पॅरीसाठी मिळणारी संधी सेकंदाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी, फार तर त्याहून थोडी अधिक. डोळ्यांनी काही पाहून बोट हलवायला माणसाला साधारण सेकंदाचा पाव ते पाचवा भाग लागतो, म्हणजे बारा ते पंधरा चित्रे निघून जातात. चुन-लीचा तो सुपर सुरू होताना पडदा क्षणभर गोठतो, झगमगाट होतो आणि पहिली लाथ लगेच येते. ती पाहून मग हात हलवू म्हणणाऱ्याला उशीर झालेला असतो. म्हणून पहिल्या लाथेची पॅरी दिसण्याच्या आधी ठरवावी लागते. क्रिकेट पाहणाऱ्याला हे नवे नाही. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचतो, म्हणून चांगला फलंदाज चेंडू सुटण्याआधीच गोलंदाजाचा हात आणि मनगट वाचत असतो. उमेहारा मनगट पाहू शकत नव्हता. त्याला वाँगचे मन वाचावे लागले.

इथे एक आक्षेप रास्त आहे. ब्लॉक केला तरी हार, काही केले नाही तरी हार, मग पॅरीचा प्रयत्न करण्यात शौर्य कसले? गमावण्यासारखे काहीच नसताना लागलेला तो जुगार नव्हे का? यातले अर्धे मला मान्य आहे. पॅरी करायची की नाही हा प्रश्न उमेहारापुढे नव्हताच. प्रश्न होता ‘केव्हा’ हा, आणि तो खूप मोठा होता. वाँग सावध खेळासाठी ओळखला जाई. त्याच्याकडे घाई करण्याचे कारण नव्हते, अंतर राखून वेळ संपवली असती तरी तो जिंकला असता. पण ब्लॉक केला तरी जीव घेईल असा सुपर हाताशी तयार असताना तो वापरावासा वाटणारच, हे उमेहाराने ओळखले होते. चित्रफीत नीट पाहिली तर केन त्या हल्ल्याच्या टप्प्यात किंचित पुढे-मागे होताना दिसतो. जणू तो वाँगला ‘आता सोड’ असे सांगत होता. हल्ला नेमका केव्हा येईल याचा अंदाज बांधता यावा, म्हणून तो यावासा वाटेल अशी जागा त्याने स्वतः तयार केली. जुगारात फासे दुसऱ्याचे असतात. इथे ते पडण्याची दिशा बरीचशी उमेहाराने ठरवली होती.

दुसरा आक्षेप अनुभवी खेळाडू करतात, आणि तो अधिक वजनदार आहे. या सुपरच्या लाथांची लय ठरलेली असते : लाथांचा एक सपाटा, थांबा, दुसरा सपाटा, पुन्हा थांबा आणि वर जाणारी शेवटची लाथ. ती लय पाठ करता येते. २०११ मध्ये हा खेळ ऑनलाइन आवृत्तीत पुन्हा आला तेव्हा हाच प्रसंग सराव-आव्हान म्हणून त्यात दिला गेला, आणि असंख्य खेळाडूंनी तो पार केला. मग उमेहाराचे वेगळेपण काय? माझ्या मते हा आक्षेप त्याच्या बाजूचाच पुरावा आहे. बोटांची कामगिरी शिकता येते हे एकदा मान्य केले, की वेगळेपण बोटांत नव्हते हेही मान्य करावे लागते. सरावात हल्ला येणार हे ठाऊक असते, सामन्यात ते कोणी सांगत नाही. शिवाय शेवटच्या लाथेकडे पाहा. जमिनीवर उभे राहून ती पॅरी केली असती तरी केन वाचला असता. उमेहाराने उडी मारली आणि ती हवेत परतवली, कारण वरून उतरताना मारलेल्या लाथेने सुरू होणारा कॉम्बो, म्हणजे सलग फटक्यांची मालिका, अधिक ताकद नेतो. चुन-लीची पट्टी तेवढी रिकामी करायची तर तोच मार्ग हवा होता. उडीतली लाथ, खाली बसून दुसरी, मग शोर्युकेन हा वर झेपावणारा ठोसा आणि शेवटी केनचा सुपर, शिप्पू जिन्राइक्याकु. चौदा लाथा अडवत असताना पंधराव्यानंतरचा हिशेब ज्याच्या डोक्यात पूर्ण आहे, त्याला केवळ चपळ म्हणणे अपुरे आहे.

हा एकदाच घडलेला योग नव्हता. १९८१ साली आओमोरीत जन्मलेला उमेहारा १९९८ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ‘स्ट्रीट फायटर झीरो थ्री’चा जपानचा विजेता होता. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत त्याने अमेरिकेच्या ॲलेक्स वाले याला हरवले. जपानी खेळाडूंनी त्याच्या एका सवयीला त्याचेच नाव दिले : ‘उमे-शोर्यू’. शोर्युकेन चुकला तर खेळाडू उघडा पडतो, म्हणून शहाणे लोक तो जपून वापरतात. उमेहारा तो अशा वेळी मारे की पाहणाऱ्याला कारणच दिसू नये, आणि नेमक्या त्याच क्षणी प्रतिस्पर्धी हल्ल्याला सरसावलेला असे. पॅरी आणि उमे-शोर्यू या दोन्हींत धोका सारखाच आहे आणि तो पत्करण्याचे कारणही सारखेच : समोरचा काय करणार हे आधी कळलेले असणे. पोमोनानंतर काही काळाने त्याने गेम सोडले. तो माहजोंग खेळू लागला, पुढे वृद्धांची देखभाल करण्याचे काम त्याने केले. ‘स्ट्रीट फायटर फोर’ आल्यावर तो परतला आणि इव्होची २००९ आणि २०१० ही दोन्ही वर्षे त्याने जिंकली. २००९ च्या अंतिम सामन्यात समोर वाँगच होता. नव्या खेळात पॅरी नव्हती. त्याचे कसब पॅरीपुरते असते तर ते तिथेच संपले असते.

पोमोनाची ती स्पर्धा उमेहाराने जिंकली नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. वाँगला हरवल्यावर अंतिम सामन्यात तो केंजी ओबाता या जपानी खेळाडूकडून हरला. म्हणून तो प्रसंग लहान होत नाही, पण अंदाज कधी फसतच नाही असा दावा मी करत नाही. ‘फोर’मध्ये नसलेली पॅरी २०२३ मध्ये आलेल्या ‘स्ट्रीट फायटर सिक्स’मध्ये नव्या रूपात परतली. आता ती दोन बटणे दाबून धरून ठेवता येते आणि ठोसे-लाथा येईपर्यंत वाट पाहता येते. त्यासाठी वेगळी पट्टी खर्च होते, आणि पॅरी धरलेल्या खेळाडूला कोणी पकडून आपटले तर फटका जास्त बसतो. अगदी अचूक क्षणी साधलेल्या पॅरीला वेगळे बक्षीस आहे, आणि तिची मुदत जेमतेम दोन चित्रांची, म्हणजे सेकंदाच्या तिसाव्या भागाइतकी ठेवलेली आहे.