लाव्ह्यांच्या पाण्यात चुना, गूळ, हळद घालताय? आधी कवचाचा हिशोब बघा

ऊन वाढलं की जपानी लाव्ही, म्हणजे बटेर पाळणाऱ्यांची एकच तक्रार सुरू होते. कवच पातळ पडतंय, ट्रेमध्येच अंडी तडकतायत. मग कुणी सांगतं चुन्याची निवळी पाजा, कुणी गूळ, कुणी हळद. मी यातलं बरंचसं करून बसलोय, म्हणून लिहितो.

लाव्हीचं अंडं साधारण 10 ग्रॅमचं. त्यात कवच पाऊण ग्रॅमच्या आसपास, आणि कवचात कॅल्शियम जवळपास 300 मिलिग्रॅम. पक्षी दिवसाला 50 मिली पाणी पितो असं धरू. चुना पाण्यात विरघळतोच मुळात थोडा. कितीही टाकला तरी 50 मिली निवळीतून 45 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम मिळत नाही. वर एवढी कडक निवळी घसा पोळवते, पक्षी पाण्याला चोचच लावत नाही. पाणी तुटलं की खाद्य तुटतं आणि मग अंडीही घटतात. याउलट 3 टक्के कॅल्शियमचं लेयर खाद्य 25 ग्रॅम खाल्लं तर 750 मिलिग्रॅम पोटात जातं. सगळं अंगी लागत नाही, तरी भागतं. बरेच जण पिल्लांचंच खाद्य पुढे रेटतात, त्यात कॅल्शियम जेमतेम 1 टक्का. गडबड तिथं आहे. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, पक्षी लागेल तसा खातो.

मग पाण्याचा उपयोग काय? उन्हाळ्यात मोठा आहे. पक्षी धापा टाकतो तेव्हा श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्तातलं कवचाचं दुसरं सामान, म्हणजे कार्बोनेट, कमी पडतं. खाद्य चांगलं असूनही कवच पातळ येतं ते यामुळं. अशा दिवसांत भर दुपारी लिटरला 1 ग्रॅम खाण्याचा सोडा चालतो. त्याहून आधी टाकी सावलीत घ्या, पाइपवर ओलं पोतं टाका. तापलेलं पाणी लाव्ही पीत नाही.

व्हिनेगर घालायचं तर लिटरला 5 मिली. त्यानं पाइपमधला बुळबुळीतपणा आणि जंतू आटोक्यात राहतात. पण आमच्या माणदेशासारखं क्षाराचं बोअरचं पाणी असेल तर तेवढ्यानं फारसा फरक पडत नाही. भांडं प्लॅस्टिकचं हवं, जस्ताच्या पत्र्याचं नको. सोडा आणि व्हिनेगर एकत्र तर कधीच नको, फेस येतो आणि दोन्ही वाया.

गुळाचं मात्र माझ्याकडून चुकलं. सकाळी भरलेलं पाणी दुपारपर्यंत आंबलं, निपल चिकटून बंद पडले. माझ्या ते संध्याकाळी लक्षात आलं. अर्धा दिवस पक्षी तहानलेले, पुढं आठवडाभर ट्रे रिकामे. गूळ द्यायचाच तर उघड्या भांड्यात, तासा-दोन तासांपुरता, मग भांडं घासून टाका.

हळद पाण्यात विरघळत नाही, तळाला बसते. बलक पिवळाधमक हवा असेल तर पिवळा मका, वाळवलेला शेवग्याचा पाला, झेंडूच्या पाकळ्या खाद्यातच मिसळा.

एक खूण सांगतो. कवचावरचे ठिपके अंडं बाहेर येण्याआधीच्या शेवटच्या काही तासांत पडतात. रोजच्या ठिपक्यांच्या अंड्यांत अचानक बरीच पांढरी दिसू लागली, तर पक्षी कशाला तरी बिचकलाय किंवा आजारी आहे असं समजा. आधी पाणी आणि उकाडा तपासा, दोन दिवसांत फरक नसेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.