गांव तेंच, मतदारसंघ निराळा

श्रोतेहो, कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कडाव हें गांव आहे. बालदिगंबर गणपतीच्या दर्शनाच्या निमित्तानें आपणांपैकीं कित्येकांनीं तें पाहिलें असेल. मी तेथला एक निवृत्त शाळामास्तर. निवडणुका आल्या कीं मतदानकेंद्रावरचें काम शिक्षकाच्या वांट्यास ठरलेलें; त्यामुळें मतदारांच्या बोटांना शाई लावण्याचा योग मला अनेकदां आला. २००९ सालच्या लोकसभा निवडणुकीच्या वेळीं एका वृद्ध शेतकऱ्यानें मला विचारलें, "गुरुजी, यंदा आपलं मत घाट चढून कशाला चाललं?" त्या वेळीं मला नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें आज देण्याचा विचार आहे.

गांवाची शीव ओढा, डोंगर, बांध यांवरून ओळखतां येते. मतदारसंघाची शीव मात्र माणसें मोजून आंखली जाते. महाराष्ट्रांत लोकसभेचे ४८ मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकांत विधानसभेचे सहा. सर्वांची लोकसंख्या शक्य तितकी सारखी असावी, म्हणजे एका मताचें वजन दुसऱ्या मताएवढें राहील, हें त्यामागचें तत्त्व होय. तत्त्व निर्दोष आहे. परंतु तें अंमलांत आणतांना कोणाची गांठ कोणाशीं पडेल, याचा नेम नसतो.

२००८ पर्यंत कडावचें मत कुलाबा मतदारसंघांत पडत असे. १९५२ सालीं कुलाब्यानें चिंतामणराव देशमुखांना निवडून दिलें. रायगडाच्या परिसरांतील नातें गांवीं जन्मलेले हे गृहस्थ देशाचे अर्थमंत्री होते. मुंबईच्या प्रश्नावरून १९५६ सालीं त्यांनीं त्या पदाचा त्याग केला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीनें भारलेल्या १९५७ च्या निवडणुकींत शेतकरी कामगार पक्षाचे राजाराम राऊत विजयी झाले. पुढें बहुतांशीं काँग्रेस व शेतकरी कामगार पक्ष यांच्यांतच हा झगडा चालला. १९६२ सालीं काँग्रेसचे भास्कर दिघे. १९७७ व १९८४ सालीं शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील, १९८९, १९९१ व १९९६ सालीं काँग्रेसचे अंतुले, १९९८ व १९९९ सालीं शेतकरी कामगार पक्षाचे रामशेठ ठाकूर, आणि २००४ सालीं, कुलाब्याच्या शेवटच्या निवडणुकींत, पुनः अंतुले. १९८१ सालीं जिल्ह्याचें नांव रायगड झालें, तरी मतदारसंघ आणखी सत्तावीस वर्षें कुलाबाच राहिला !

याचें कारण असें कीं, १९७६ च्या घटनादुरुस्तीनें मतदारसंघांची फेररचना थांबविली होती. मध्यंतरीं शहरें फुगलीं, खेडीं ओसरलीं, पण रेषा हलल्या नाहींत. अखेर न्यायमूर्ति कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगानें २००१ ची जनगणना धरून नव्या हद्दी आंखल्या व २००८ सालीं त्या अंमलांत आल्या. कुलाबा नाहींसा झाला. पेण, अलिबाग, श्रीवर्धन व महाड यांना दापोली आणि गुहागर जोडून रायगड मतदारसंघ झाला. पनवेल, कर्जत व उरण हे घाटाखालचे तीन विभाग मावळ, चिंचवड व पिंपरी या घाटावरच्या तिहींस जोडले गेले. त्याचें नांव मावळ. त्या शेतकऱ्याचें मत घाट चढलें तें असें.

संख्येनें तीनास तीन दिसतात खरे. पण पनवेल व चिंचवड हे राज्यांतील सर्वांत मोठ्या मतदारयाद्यांचे विभाग. कर्जतची यादी त्यांच्या निम्म्याच्या आसपास. २००९ सालीं गजानन बाबर आणि २०१४, २०१९ व २०२४ सालीं श्रीरंग बारणे निवडून आले. दोघेहि पिंपरी-चिंचवडचे. यांत कोणाचा दोष नाहीं. जिकडे मतदार अधिक तिकडचा उमेदवार, हें ओघानेंच येतें. मात्र आदिवासी वाड्यांचें पाणी आणि कारखान्यांच्या शहराचें पाणी हे प्रश्न एकाच माणसानें दिल्लीस न्यावयाचे आहेत, हें विसरून चालत नाहीं.

विधानसभेची गोष्ट निराळी. आमचा विधानसभा मतदारसंघ पूर्वीं खालापूर म्हणून ओळखला जाई. २००९ पासून तो कर्जत झाला. कर्जत तालुका आणि खोपोलीसह खालापूर तालुक्याचा मोठा भाग त्यांत येतो. अहिल्यानगर जिल्ह्यांतील कर्जत-जामखेड तो हा नव्हे. येथें २००९ व २०१४ सालीं राष्ट्रवादी काँग्रेसचे सुरेश लाड निवडून आले. दुसऱ्या खेपेस त्यांचें मताधिक्य दोन हजारांच्याहि आंत होतें. २०१९ सालीं शिवसेनेचे महेंद्र थोरवे यांनीं त्यांना सुमारें १८ हजार मतांनीं हरविलें. २०२४ सालीं थोरवे यांनींच अपक्ष सुधाकर घारे यांच्यावर सुमारें ५,७०० मतांनीं मात केली. त्याच वर्षीं मावळांतील मताधिक्य ९६ हजारांवर होतें. पांचदहा गांवांनीं मन बदललें तर विधानसभेचा निकाल फिरूं शकतो. लोकसभेचा फिरणें कठीण. मतदार तेच, शाई तीच. फरक रेषेचा आहे.

तर मग रेषाच नकोत, असें कोणी म्हणेल. रशियानें तोहि प्रयोग केला. तेथील दूमा सभेच्या ४५० जागांपैकीं निम्म्या मतदारसंघांतून भरल्या जात. २००७ व २०११ सालीं मतदारसंघ काढून टाकून सर्व जागा पक्षांच्या याद्यांतून भरल्या. २०१६ सालीं २२५ मतदारसंघ पुनः आणले. मतदारसंघच नसला तर आपल्या भागाचा म्हणून ज्याच्या दारीं जावें असा प्रतिनिधीहि उरत नाहीं.

म्हणून रेषा हवी, पण ती आंखली जात असतां आपलें लक्ष हवें. २००२ सालीं अंमलांत आलेल्या घटनादुरुस्तीनें पुढची फेररचना २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर सोंपविली. गेल्या फेररचनेच्या कायद्याप्रमाणें आयोगास आपला मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागल्या व जाहीर बैठकी घ्याव्या लागल्या. अंतिम आदेश निघाल्यावर मात्र त्याविरुद्ध कोर्टांत सहसा दाद मागतां येत नाहीं. मतदानाच्या दिवशीं रांगेंत उभे राहणारे आपण पुष्कळ. मसुदा निघतो त्या दिवशीं नकाशा उलगडून पाहणारे थोडे. त्या वृद्ध शेतकऱ्याचा प्रश्न योग्यच होता, श्रोतेहो. फक्त तो विचारण्याची वेळ दोन-तीन वर्षांपूर्वींच निघून गेली होती.