साचा बरोबर, सॉफ्टवेअर बरोबर, मग कॅरेट वाकडं का?

शिरूर कासारच्या शिवारातून टोमॅटो किंवा मोसंबी बाजाराला निघते ती प्लास्टिकच्या कॅरेटमधून. टेम्पोत थरावर थर रचायचे तर प्रत्येक कॅरेटचा काठ सपाट लागतो. एकाचा काठ आत ओढलेला असला की वरचा थर डुलतो आणि खालचा माल चेपतो. शेतकरी म्हणतो, कॅरेट हलकं निघालं. खरं तर वजन पुरेसं असलेलं कॅरेटही वाकतं, आणि ते का वाकलं याचं उत्तर वाळूज-चिकलठाण्याकडच्या मोल्डिंगच्या शेडमध्ये शोधावं लागतं.

साच्यासाठी पोलाद कापण्याआधी तो संगणकावर भरून बघतात. वितळलेला दाणा कुठून कुठे जाईल, कुठे अडेल, थंड झाल्यावर काठ किती ओढला जाईल, हे सॉफ्टवेअर सांगतं. यातलं सर्वांत जुनं नाव मोल्डफ्लो. ऑस्ट्रेलियात कॉलिन ऑस्टिन यांनी १९७८ साली ते सुरू केलं, २००८ मध्ये ऑटोडेस्कने विकत घेतलं. चिकलठाण्यात सिपेट आणि इंडो-जर्मन टूल रूम या दोन्ही प्रशिक्षण संस्था आहेत, त्यामुळे मराठवाड्यातल्या डिप्लोमा-आयटीआयच्या मुलांना ही दुनिया परकी नाही. भांडण लागतं ते ट्रायलच्या दिवशी. पडदा एक सांगतो, मशिन दुसरंच. डिझाइनवाला म्हणतो मशिन लावणाऱ्या सेटरला सेटिंग जमत नाही, सेटर म्हणतो सॉफ्टवेअर खोटं. बहुतेक वेळा दोघांनी वेगवेगळ्या प्रश्नांची बरोबर उत्तरं दिलेली असतात.

गैरसमज: मशिनवरचा दाब आणि पडद्यावरचा दाब जुळला की हिशेब बरोबर.

इथे जरा थांबू, कारण सगळ्यांत जास्त फसगत याच आकड्यावर होते. सॉफ्टवेअर दाखवतं तो प्लास्टिकवरचा दाब, बहुधा मेगापास्कलमध्ये. जुन्या हायड्रॉलिक मशिनचं घड्याळ दाखवतं तो तेलाचा दाब, बारमध्ये. तेलाचा पिस्टन मोठा, स्क्रू लहान, म्हणून प्लास्टिकवर पडणारा दाब तेलाच्या कित्येक पट असतो. हे प्रमाण मशिनच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं आणि साधारण दहाच्या आसपास असतं. समजा घड्याळावर ९५ बार आहेत आणि प्रमाण बरोबर दहा आहे. म्हणजे प्लास्टिकवर ९५० बार, आणि ९५० बार म्हणजे ९५ मेगापास्कल. पडद्यावरही ९५, घड्याळावरही ९५! दोन्हीकडची एककं कुणी वाचलेलीच नसतात, तरी सगळे खूश. मग तोच साचा दुसऱ्या मशिनवर चढतो, तिथलं प्रमाण तेरा असतं, आणि घड्याळ एकदम ७३ वर येतं. प्लास्टिकला तेवढाच दाब मिळतोय, पण शेडमध्ये बोंब होते की सॉफ्टवेअर चुकलं. ऑल-इलेक्ट्रिक मशिन तर थेट प्लास्टिकचाच दाब दाखवतं, म्हणजे तिथे गुणाकार केला तर उलटीच गडबड.

शिवाय सॉफ्टवेअरचा हिशेब बहुधा साच्याच्या तोंडापासून सुरू होतो. मशिनच्या आकड्यात नोझलमध्ये खर्च झालेला दाबही धरलेला असतो. नोझल साच्यापासून मागे घेऊन त्याच वेगाने एक शॉट हवेत मारावा, तेव्हाचा दाब टिपून वजा करावा. दोन मिनिटांचं काम आहे, पण फार थोड्या ठिकाणी केलं जातं.

गैरसमज: पडद्यावर लाल दिसलं म्हणजे तिथे दोष.

लाल म्हणजे फक्त त्या निकालातला सर्वांत मोठा आकडा. संपूर्ण पीसमध्ये ०.१ मिमीचा फरक असला तरी मोजपट्टी आपोआप ताणली जाते आणि एक कोपरा लालभडक दिसतो. वाकण्याचं चित्र तर मुद्दाम कितीतरी पट वाढवून दाखवता येतं. ती पट न पाहता मालकाला चित्र दाखवलं की मालकाच्या पोटात गोळा येतो. आधी आकडा वाचावा, मग रंग बघावा.

मेश, म्हणजे सॉफ्टवेअर पीसवर टाकतं ती हिशेबाची जाळी, जितकी बारीक तितकं उत्तर खरं, हाही असाच एक लाडका समज. बारीक मेशने वेळ नक्की जास्त लागतो. पडद्यावर एखादा कोपरा भरलाच नाही, तर आधी त्या जागी सॉफ्टवेअरने जाडी किती धरली आहे ते उघडून बघावं. कॅरेटच्या बरगड्या जिथे भिंतीला मिळतात तिथे ती हमखास चुकीची धरली जाते. चुकीच्या जाडीवर कितीही बारीक जाळी टाकली तरी उत्तर चुकीचंच येणार.

काही गोष्टी तर सॉफ्टवेअरला विचारलेल्याच नसतात. साध्या विश्लेषणात साच्यातली हवा आपोआप निघून जाते असं गृहीत धरलेलं असतं. प्रत्यक्षात हवा निघायची फट, म्हणजे व्हेंट, बुजलेलं असेल तर अडकलेली हवा दाबली जाऊन तापते आणि पीसच्या टोकाला काळा डाग पडतो. पडद्यावर मात्र तो पीस पूर्ण भरलेला. फ्लॅशचंही, म्हणजे साच्याच्या फटीतून बाहेर आलेल्या पापुद्र्याचंही, तसंच: संगणकातला साचा उघडत नाही, म्हणून तिथे फ्लॅश कधी येतच नाही. क्लॅम्पिंगचा टनेज निकाल वाचून अंदाज बांधावा लागतो.

साच्याचं तापमान ४० अंश टाकलं, तर ते पोलादाच्या पृष्ठभागाचं असतं, चिलरच्या पाण्याचं नव्हे. बोअरच्या जड पाण्याने कूलिंगच्या छिद्रांत क्षार बसतो, आणि हा थर पोलादापेक्षा दहापटीहून वाईट उष्णतावाहक असतो. संगणकातली छिद्रं कायम नवीकोरी असतात.

गैरसमज: दाणा तोच आहे, रंगाने काय फरक पडतो?

खूप पडतो, आणि निळ्या कॅरेटला सर्वांत जास्त. एचडीपीई थंड होताना त्यात स्फटिक तयार होतात आणि त्यामुळेच ते इतकं आकसतं, साधारण दीड ते तीन टक्के. ६०० मिमी लांबीच्या कॅरेटला दोन टक्के म्हणजे १२ मिमी. साचा तेवढा मोठा कापलेला असतो. फ्थॅलोसायनिन जातीचे निळे-हिरवे रंग या स्फटिकांना बीज पुरवतात. स्फटिक लवकर आणि वेगळ्या रचनेत वाढतात, आणि प्रवाहाच्या दिशेचं आकसणं व आडव्या दिशेचं आकसणं यांतली तफावत वाढते. सपाट तळ आणि लांब काठ मग वाकतात. साचा तोच, मशिन तेच, सेटिंग तेच. दुसऱ्या रंगाचं सरळ आणि निळं वाकडं.

सॉफ्टवेअरच्या यादीतला दाणा बहुधा बिनरंगी चाचणीचा असतो. त्यात मास्टरबॅच, म्हणजे रंगाचा दाणा, नसतो, आणि हॉपरमध्ये टाकलेला ग्राइंडिंगचा मालही नसतो. यादीत आपल्या ग्रेडऐवजी ‘जवळपासचा’ ग्रेड निवडला असेल तर आकसण्याच्या आकड्यावर विसंबूच नये.

पीस कधी मोजला हेही विचारावं. एचडीपीई साच्यातून निघाल्यावर कित्येक तास आकसत राहतं. सॉफ्टवेअर पूर्ण थंड झालेल्या पीसबद्दल बोलतं; सेटर हाताला चटका लागतोय तोवर व्हर्नियर लावतो.

म्हणून वाद पेटला की होल्डिंग, म्हणजे साचा भरल्यावर धरून ठेवलेला दाब, बंद करून निम्मा, पाऊण आणि जवळजवळ पूर्ण असे अर्धवट शॉट मारावेत आणि पडद्यावरच्या प्रवाहाशेजारी ठेवावेत. प्रवाह जुळला आणि तरीही कॅरेट वाकलं, तर त्याच सेटिंगवर मास्टरबॅच न टाकता काही पीस काढून दुसऱ्या दिवशी मोजावेत. बिनरंगी कॅरेट सरळ निघालं, तर साचा टूलरूमला परत पाठवायचं कारण नाही. कमी वाकवणारा निळा रंगही मिळतो, मास्टरबॅचवाल्याकडे तो मागावा.