दप्तराची भाषा

गोवा विद्यापीठात पोर्तुगीजमध्ये एम. ए. करता येतं हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: करून उपयोग काय? जर्मन किंवा जपानी शिकणाऱ्याला असं कुणी विचारत नाही. पोर्तुगीज मात्र धड नोकरीची भाषा वाटत नाही, धड आपलीही वाटत नाही. ताळगावच्या पठारावर हा अभ्यासक्रम ज्या भाषासंकुलात चालतो, त्याला कोंकणीचे कडवे कैवारी शणै गोंयबाब यांचं नाव आहे, आणि मराठी-कोंकणीही तिथेच शिकवल्या जातात. हा शेजार मला फार योग्य वाटतो. गोव्यात पोर्तुगीज ही आपल्या दप्तराची भाषा आहे, आणि मराठी-कोंकणी जाणणाऱ्यानं वाचल्याशिवाय ते दप्तर पुरतं उलगडत नाही.

पणजीचं पुराभिलेखागार 1595 मध्ये सुरू झालं. दियोगु दु कोतु हा इतिहासकार त्याचा पहिला रखवालदार. लिस्बनची पत्रं मोसमी वाऱ्यांबरोबर येत, उत्तरं जहाजांतून परत जात. त्या पत्रव्यवहाराच्या बाडांना ‘मोसमाची पुस्तकं’ असंच नाव पडलं. ‘शेजारचे राजे’ या नावाची वेगळी बाडं आहेत, आणि त्या शेजाऱ्यांत मराठे आले. आता या कागदांत शिवाजी ‘सेवाजी’ होतो, ‘श’ साठी बहुधा ‘एक्स’ हे अक्षर येतं, गावकार ‘गांकार’ होतात. लिस्बनहून आलेला विद्वान व्याकरणात चुकणार नाही, पण अशा विचित्र वर्णरचनेआडचं आडनाव डिचोली-साखळीकडच्या पोराला चटकन ओळखू येईल.

यावर कुणी म्हणेल, हे कागद वाचण्याचं काम इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी केव्हाच करून ठेवलं आहे. 1931 पासून तीस वर्षं त्यांनी हे दप्तर सांभाळलं, आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांवरचा त्यांचा ग्रंथ मराठीत आहे. आक्षेप खरा, पण अर्धाच. पिसुर्लेकरांना तह, वकील आणि मोहिमा यांची ओढ होती. गावकीचे हिशेब, जमिनीचे तंटे, धर्मांतरितांच्या घरातली भांडणं हे त्यांचे मुख्य विषय नव्हते. भाषांतरकार निवड करतोच, आणि त्याच्या निवडीवर विसंबणारा वाचक त्याचेच प्रश्न पुन्हा विचारत राहतो. शिवाय गोव्यात वारसाहक्काचा कायदा आजही 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला आहे. जुनी खतं वाचणारा माणूस तिथल्या वकिलाला लागतो, म्हणजे नोकरीचा प्रश्नही वाटतो तितका पोकळ नाही.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हारी लागणारा आहे. इन्क्विझिशन चालवणाऱ्यांची भाषा आपण कौतुकानं का शिकावी? कौतुकाची सक्ती कुणीच केलेली नाही. कोंकणीच्या वापराविरुद्ध 1684 मध्ये निघालेला हुकूम पोर्तुगीजमध्ये आहे. आणि 1858 मध्ये त्याच भाषेत कुन्या रिव्हारा या पोर्तुगीज अधिकाऱ्यानं कोंकणीच्या बाजूनं इतिहासपर निबंध लिहिला. आरोपपत्र आणि साक्ष, दोन्ही एकाच भाषेत. विद्यापीठातलं एक अध्यासन याच रिव्हाराच्या नावानं आहे, हे उगाच नव्हे.

साहित्याचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं आहे. गोमंतकीय लेखक फ्रान्सिश्कु लुईश गोमिश यांची ‘ओश ब्राह्मनिश’ ही कादंबरी 1866 ची. विमला देवी आणि मानुएल द सियाब्रा यांनी भारतीय-पोर्तुगीज साहित्याचा मोठा आढावा 1971 मध्ये लिस्बनहून काढला. पण मला सगळ्यांत बोलकं उदाहरण वाटतं ते लक्ष्मणराव सरदेसाईंचं. मराठी कथाकार म्हणून नावाजलेल्या या माणसानं पोर्तुगीज सत्ता गेल्यानंतरच्या दशकात पोर्तुगीजमध्येही कथा लिहिल्या. सत्तेची सक्ती संपल्यावर, वाचक घटत चालले असताना. या कथा मराठीच्या विद्यार्थ्याला वाचता येत नाहीत, आणि पोर्तुगीजच्या विद्यार्थ्यानं त्यांच्यामागचे मराठी कथासंग्रह चाळलेले असतातच असं नाही. दोन्ही वर्ग एकाच संकुलात भरतात.