'पास आउट': अमेरिकेत एक, पुण्यात दुसरेच

अमेरिकन इंग्रजीत 'पास आउट'चा सर्वांत रुळलेला अर्थ म्हणजे शुद्ध हरपणे. उन्हाने, रक्त पाहून किंवा अति मद्यपानाने माणूस 'पास आउट' होतो. दमून सोफ्यावर आडवा होताच घोरू लागणाऱ्यालाही गमतीने हाच शब्द लावतात. दुसरा अर्थ वाटणे: वर्गात शिक्षिका प्रश्नपत्रिका 'पास आउट' करतात. गोंधळ मात्र होत नाही, कारण वाटण्याला कर्म लागते, शुद्ध हरपण्याला नाही. ब्रिज या पत्त्यांच्या खेळात चौघांनीही बोली न लावता 'पास' म्हटले, तर तो डाव 'पास्ड आउट'.

शिक्षण पूर्ण करणे हा अर्थ अमेरिकेत जवळपास अनोळखी आहे. ब्रिटिश लष्करी प्रशिक्षणात तो रूढ आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील 'पासिंग आउट परेड' त्याच परंपरेतली. भारतात तो सरसकट सगळ्या कॉलेजांना चिकटला. त्यामुळे '2015 साली पुण्यातून पास आउट झालो' हे अमेरिकन मुलाखतकाराला चक्कर आल्याची कबुली वाटू शकते. तिथला शब्द 'ग्रॅज्युएट'. आणि तो पदवीपुरता नाही, हायस्कूल संपवणाराही 'ग्रॅज्युएट'च.